हिरवं, ओलं आणि हलतं

प्रिय इरा आणि ओजस,

तुमच्या सरकारचं पत्र मिळालं. म्हणजे तुमच्या बाबानं त्याचा फोटो काढून मला पाठवला. फार सभ्य पत्र आहे. पार्सलातली गोधडी आणि पुस्तकं तुम्हाला पोचती केली आहेत, कापडी पुरचुंडीतली वस्तू मात्र नियमानुसार नष्ट करण्यात आली आहे, तसदीबद्दल दिलगीर आहोत. माझी एखादी वस्तू इतक्या नम्रपणे आजवर कुणी जाळली नव्हती.

तुम्ही दोघं व्हिडिओवर खूप हसलात. आजी पोस्टात होती आणि आजीचंच पार्सल पकडलं! तुमचा बाबा तर वैतागलाच. म्हणाला, "आई, फॉर्मवर 'वांग्याचं बी' असं कशाला लिहिलंस? गोधडीच्या घडीत होतं ना, नुसतं 'गोधडी' लिहायचं." त्याला काय सांगणार? छत्तीस वर्षं मी काउंटरवर बसून प्रत्येक माणसाला 'आत काय आहे, खरं सांगा' असं विचारलं. आता माझीच पाळी आल्यावर खोटं लिहू?

खरी गंमत मात्र तुमच्या कुणाच्याच लक्षात आली नाही. मी फॉर्मवर ठळक अक्षरांत 'वांग्याचं बी' लिहिलं होतं. इथल्या काउंटरवरच्या मुलीनं ते वाचलं, मान हलवली आणि पार्सल घेतलं. ते घ्यायला नको होतं. का घेतलं, हे शोधायला मी तिथे पुन्हा गेले, आणि जे सापडलं त्यामुळे हे लिहायला बसले आहे. आमच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकाचे संपादक दरवर्षी पोस्टातल्या आठवणी मागतात आणि मी दरवर्षी गुडघेदुखीचं कारण देते. यंदा गुडघे तेच आहेत, पण कारण पुरत नाही. तुमचा बाबा तुम्हाला हे वाचून दाखवेल. अवघड शब्द आला तर त्यालाच विचारा, त्यालाही येत नसेल तर मला फोन करा.

आधी थोडं कामाविषयी. पार्सल घेणारा कारकून म्हणजे दारावरचा पहारेकरी. पुढे ते पार्सल पोत्यात जातं, पोतं गाडीत, त्या पोत्यात कुणाचं लग्नाचं आमंत्रण असतं, कुणाच्या नोकरीचा कागद. तुमच्या डब्यातून लोणच्याचं तेल गळलं तर दुसऱ्याची नोकरी तेलकट होते. म्हणून नियम. जिवंत प्राणी टपालानं पाठवता येत नाहीत. अपवाद तीन: मधमाश्या, जळवा आणि रेशमाचे किडे. शिवाय पिकावरच्या किडींना खाणारे काही कीटक, तेही सरकारमान्य संस्थांनी पाठवलेले. हे सगळं इंग्रजीत छापलेल्या एका जाड पुस्तकात होतं. ते पुस्तक प्रत्येक ऑफिसात असे, कुलपात.

माझं शिक्षण भुसावळच्या रेल्वे कॉलनीतल्या इंग्रजी शाळेत झालं. वडील गार्ड होते. त्यामुळे धुळ्यात पहिल्यांदा नेमणूक झाली तेव्हा आख्ख्या ऑफिसात ते पुस्तक अडखळल्याशिवाय वाचू शकणारी मी एकटी होते, आणि हे कुणी विसरू नये याची मी पुरेशी काळजी घेत असे.

माझे पहिले साहेब वाणीसाहेब. त्यांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि कपाटात ठेवलं. म्हणाले, "ताई, हे वाचत बसलात तर रांग स्टँडपर्यंत जाईल. तीन गोष्टी लक्षात ठेवा. हिरवं दिसलं की परत. ओलं दिसलं की परत. हललं की परत."

"एवढंच?"

"मी एकोणीस वर्षं एवढ्यावरच काढली. एक मेमो नाही."

मला व्यवस्थितपणाची हौस. मी ती तीन सूत्रं एका कार्डावर लाल शाईनं लिहिली, वर 'नियम' असं शीर्षक दिलं, अधोरेखित केलं आणि काउंटरच्या काचेखाली सरकवलं. पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे तिथे पहिल्या आठवड्यात मी हे कार्ड करून ठेवत असे. हाताखालच्या लोकांकडून पाठ करून घेत असे. पुस्तक कुठेही उघडलं नाही. कपाट स्वच्छ ठेवलं मात्र.

धुळ्यातच सूत्रांना पहिला धक्का बसला. एक वैद्य आले, धोतर, कोट, हातात भोकं पाडलेला लाकडी खोका. आत रुंद तोंडाची बाटली, बाटलीत पाणी, पाण्यात जळवा. ओलंही होतं, हलतही होतं. मी परत केलं. वैद्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पुस्तकातल्या त्याच पानाची नक्कल.

"वाचा," ते म्हणाले. "इंग्रजी येतं ना?"

वाणीसाहेबांनी कागद दोनदा वाचला, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचला आणि खोका घेतला. गाडी येईपर्यंत दोन तास आख्खं ऑफिस पाय खुर्चीवर घेऊन बसलं होतं. शिपाई म्हणाला, "साहेब, देवळातली तुळस चालत नाही आणि रक्त पिणारं चालतं?" साहेब म्हणाले, "सरकारी खातं आहे बाबा. रक्त पिणाऱ्याला कोण अडवतो?"

त्या दिवशी मी शहाणी व्हायला हवी होते. सूत्रं एक सांगतात आणि पुस्तक दुसरं, हे माझ्यासमोर घडलं होतं. मी वैद्यांना चिवट गिऱ्हाईक म्हणून लक्षात ठेवलं आणि कार्डावर तळाला बारीक अक्षरात 'जळवा चालतात' एवढं लिहिलं, पुढच्या प्रत्येक कार्डावरही.

दुसरा धक्का मीच दुसऱ्याला दिला. कापसावर बोंडअळी पडते. त्या अळीच्या अंड्यात आपली अंडी घालणारी एक अगदी बारीक, डोळ्याला नीट न दिसणारी माशी असते. तिची वाढती पिल्लं ज्यांच्या आत आहेत अशी अंडी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर चिकटवून शेतकऱ्यांना देतात. कागद फाडून तुकडे कापसाच्या पानांना टोचायचे, माश्या बाहेर पडतात आणि अळीचा वंश बुडवतात. असं एक पाकीट मोहनभाऊंच्या नावानं आलं. मोहनभाऊ धुळ्याजवळचे कापूस लावणारे, आमच्याकडे दर महिन्याला येणारे. पाकीट हिरवं नव्हतं, ओलं नव्हतं, हलत नव्हतं. मी आलेल्या टपालावर मारायचा तारखेचा शिक्का उचलला आणि ठण्ण करून मारला. दोनदा, कारण पहिला नीट उमटला नाही.

दोन दिवसांनी मोहनभाऊ ते कार्ड घेऊन आले. भांडायला आलेत असं वाटलं. त्यांनी कार्ड काउंटरवर शांतपणे ठेवलं.

"ताई, बठ्ठा मरी ग्यात," ते म्हणाले. आतल्या सगळ्या माश्या मेल्या होत्या. "पन तारीख मातर झकास उठेल शे."

पाकिटावर इंग्रजीत छापलं होतं, 'आत जिवंत कीटक, दाब देऊ नये.' आख्ख्या ऑफिसात इंग्रजी येणारी मी एकटी.

आता मुख्य गोष्ट.

नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी जळगावजवळ, नशिराबादच्या बाजूच्या एका लहानशा पोस्टात पोस्टमास्तर होते. दोन खोल्या, एक काउंटर, मागे हातपंप. हा भाग भरताच्या वांग्याचा. तुम्ही मागच्या वेळी आलात तेव्हा खाल्लंत ते: हिरवट पांढरं, तांब्याएवढं. इरानं आधी नाक मुरडलं आणि नंतर ताट पुसून खाल्लं. बाजारच्या दिवशी धुडकू आबा म्हणून एक गृहस्थ आले. पांढरी टोपी, कानात अत्तराचा बोळा, हातात तेलाचा कापलेला डबा. डब्यात ओली माती आणि मातीत वांग्याची रोपं.

"बाई, हे सुमनले पाठवायचं. लेक माही. पार पठानकोटले राह्यते, जावाई मिल्ट्रीत आहे."

हिरवं. ओलं. मला विचारही करावा लागला नाही. "रोपं चालत नाहीत, आबा."

"कशाले?"

"नियम आहे."

"कोनं केला?"

"सरकारनं."

"सरकारनं कदी भरीत खाल्लं नही का?"

रांगेतले लोक हसले. मीही हसले, वरच्या माणसानं खालच्याला हसावं तशी. मग म्हटलं, बी पाठवा, कोरडं बी खुशाल जाईल. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा अर्धंच ऐकलं. त्यांचा मळा रस्त्याच्या रुंदीकरणात गेला होता. आजोबांपासून ते एकाच वांग्याचं बी धरत आले होते. बी धरायचं तर वांगं झाडावरच पिवळं पडू द्यावं लागतं, तोडायचं नाही. यंदा वांगी पिवळी पडायच्या आत मोजणीवाले आले आणि मळ्यावरून मशीन फिरलं. मागच्या सालचं जे चिमूटभर बी होतं ते त्यांनी आधीच वाफ्यात टाकलं होतं. त्यातून उगवलेली, मशीन यायच्या आत उचललेली ही रोपं. बाकी काही नाही. घरापुढे मुलांनी फरशी टाकलेली, आजूबाजूचे मळे एकतर रस्त्यात गेलेले नाहीतर केळीखाली. सुमनच्या क्वार्टरमागे मात्र जागा होती, आणि तिनं फोनवर मागितली होती. कुरिअरवाल्यानं हसून परत पाठवलं होतं. म्हणून ते पोस्टात आले होते, म्हणजे माझ्याकडे.

"आबा, मी समजू शकते," मी म्हटलं. काउंटरवरचं माणूस हे वाक्य फक्त नाही म्हणण्याआधी बोलतं.

पुढच्या बाजारी आबा पुन्हा आले. डबा प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेला, वरून काळं फडकं बांधलेलं.

"आता ओलं नही, हिरवं बी दिसत नही."

"पण मला ठाऊक आहे ना, आत रोपं आहेत."

"तुमाले ठाऊक नसतं तर चाललं असतं?"

मग मी ज्ञान पाजळलं. टपालानं कोणते जीव जाऊ शकतात ते त्यांना सांगितलं: मधमाश्या, जळवा, रेशमाचे किडे. आबांनी ते नीट ऐकून घेतलं. डबा उचलला आणि गेले. ते ज्ञान त्यांनी आठवडाभरात सगळ्या गावाला वाटलं असावं, कारण तिसऱ्या बाजारी ते आले तेव्हा त्यांच्यामागे आरडीचा महिन्याचा हप्ता भरायला आलेल्या बायका आधीच पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

आबांनी डबा काउंटरवर ठेवला आणि मोठ्यानं विचारलं, "बाई, जळू जाते तुमच्या पोस्टातून. मानसाचं रगत पिते ते. अन् माह्यं वांगं नही जात. त्यानं कोनाचं काय पेलं?"

"आबा, पुस्तकात आहे तसं."

"दाखवा मंग. मी बसतो."

आणि ते बाकावर बसले, टोपी मांडीवर ठेवून.

मला राग आला होता. मी कपाट उघडलं, पुस्तक काढलं, सगळ्यांदेखत त्यावरची धूळ झटकली आणि बोट ठेवून वाचायला लागले. जिवंत प्राणी, सापडलं. जळवा, सापडल्या. परदेशी जाणारी रोपं आणि बियाणं: इथल्या शेतकी खात्याचा रोग नसल्याचा दाखला हवा, पलीकडच्या देशाची परवानगी हवी, तेही सापडलं. देशातल्या देशात जाणारी रोपं... मी पान उलटलं. परत मागे आले. अनुक्रमणिका पाहिली. आतला माल गळून दुसऱ्या टपालाला इजा होणार नाही असं बांधलेलं असावं, नासलं तर जबाबदारी पाठवणाऱ्याची, इतकंच. रोपं पाठवू नयेत असं कुठेच नव्हतं. हिरव्याचा उल्लेख नव्हता.

एक बाई म्हणाली, "का वं बाई, हरवलं का पान?"

दुसरी म्हणाली, "वाचू दे गं. इंग्रजीत आहे, टाइम लागतो."

मी काचेखालच्या कार्डाकडे पाहिलं. माझं अक्षर, लाल शाई, 'नियम' खाली दोन रेघा. वाणीसाहेबांनी रांग लवकर संपावी म्हणून केलेली सोय मी गावोगाव कायदा म्हणून लावत आले होते. खोटं बोलणं अगदी सोपं होतं. पुस्तक मिटून 'हे पाहा, आहे' म्हटलं असतं तर त्या खोलीत मला खोडून काढणारं कुणी नव्हतं. सगळ्या नोकरीत मला एवढा मोह कधी झाला नाही.

"आबा," मी म्हटलं, "नियम नाहीये."

मला वाटलं, ते जिंकल्यासारखे हसतील. ते उठले, डबा माझ्यासमोर सरकवला आणि वरचं फडकं सोडलं.

"पह्यल्या बाजारी चोवीस व्हते," ते म्हणाले. "मोजा आता."

मी मोजली. सात उभी होती. बाकीची डब्याच्या कडेला सुतासारखी वाळून पडली होती. एकाच डब्यात दोन आठवडे दाटीनं ठेवलेली रोपं, दर आठवड्याला बांधायची, आणायची, न्यायची.

काउंटर बंद करून मी बाहेर आले. नोकरीत पहिल्यांदाच, रांग असताना. हातपंपाशी बसून आम्ही रोपं बांधली. डोकं आबांचंच होतं. केळीच्या खोडाची ओली सालपटं मुळांभोवती गुंडाळली, त्यावर फडकं, त्यावर प्लॅस्टिक. मळ्यातून उखडलेल्या पाइपलाइनचा हातभर तुकडा त्यांनी पिशवीतून काढला, तो ते तिसऱ्या खेपेला घेऊनच आले होते. त्याला खिळ्यानं भोकं पाडली, आत रोपं सरकवली, दोन्ही तोंडांना जाळीचं कापड बांधलं. पाइपवर मी मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलं: 'आत जिवंत रोपं. शिक्का फक्त पत्त्याच्या कागदावर, हलक्या हातानं.' मोहनभाऊंची तेवढी आठवण ठेवली.

रोपं सहाच भरली. सातवं आबांनी माझ्या हातात दिलं.

"हे तुमाले. नियम सापडला नही म्हनून."

हे कौतुक होतं की चपराक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाइप पठाणकोटला पोचायला बरेच दिवस लागले. एक दिवस ऑफिसच्या फोनवर सुमनचा आवाज आला. "काकू, चार काळे पडले. दोन हिरवे हाये. लावले मी. आबांले सांगा." आबा बाजारी आले तेव्हा मी सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी हिशेब केला.

"सहामदले दोन जगले," ते म्हणाले. "पह्यल्याच दिशी सगळे गेले असते तर तेवढाच तिसरा हिस्सा जगला असता. चोवीसमदले आठ तरी." मग टोपी घातली आणि गेले. माझ्याशी ते एवढं एकच कडू बोलले, तेही हिशेबानं बोलले, म्हणून मला ते विसरता येत नाही.

त्याच संध्याकाळी मी काचेखालचं कार्ड काढून फाडलं. बाकी ज्या ज्या ऑफिसांत ठेवलं होतं तिथे पत्र लिहून कळवायचं ठरवलं. मग सेवानिवृत्तीचे कागद आले, तुमच्या बाबाचं तिकडे जायचं ठरलं, आणि ते राहिलं. राहिलं असं म्हणतात. खरं तर 'मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं' हे वाक्य व्यवस्थित अक्षरात लिहायला मला कधी वेळ सापडला नाही.

आबा आता नाहीत. त्यांच्या मळ्यावरून चौपदरी रस्ता जातो. मागच्या वेळी मी तुम्हाला घेऊन भुसावळला चालले होते तेव्हा गाडी त्याच्यावरून गेली. तुम्ही दोघं झोपला होतात. सुमन नवऱ्याच्या बदल्यांबरोबर दोन-तीन छावण्या फिरली आणि प्रत्येक ठिकाणी वांगी लावून बी धरत राहिली. माझं सातवं रोप मी कुंडीत लावलं. आबांच्या पद्धतीनं दरवर्षी एक वांगं तोडायचं नाही, पिवळं पडू द्यायचं, बी धुऊन वाळवायचं आणि राखेत घोळून ठेवायचं. त्यातलंच चमचाभर मी तुमच्या गोधडीच्या घडीत घातलं होतं. तुमच्या अंगणात भरताचं वांगं यावं, एवढाच हेतू. या खेपेलाही पुस्तक वाचलं नाही. परदेशाचा नियम त्या दिवशी आबांसमोर माझ्या बोटाखालून गेला होता, तरी मी म्हटलं, कोरडं बी खुशाल जाईल.

तेव्हा तुमच्या लोकांनी ते जाळलं, हे बरोबरच केलं. तुमच्याकडच्या वांग्यांना आमच्याकडचा रोग लागू नये म्हणून तो नियम आहे, आणि तो खरोखर कागदावर आहे. मी आता वाचलाय. त्या बाईंनी की बाप्यांनी माझ्यापेक्षा चांगली नोकरी केली.

आता ती काउंटरवरची मुलगी. मागच्या सोमवारी पत्राचा फोटो घेऊन मी जळगावातल्या त्या पोस्टात गेले. ऑफिसचं नाव लिहीत नाही. पूर्वी मी तिथेही होते. मुलीला विचारलं, "बेटा, 'वांग्याचं बी' वाचूनही तू परदेशाचं पार्सल घेतलंस कसं?"

ती म्हणाली, "आजी, चालतं ते. हिरवं नव्हतं, ओलं नव्हतं, हलत नव्हतं." आणि तिनं काचेवर बोटानं टकटक केलं.

कार्ड पिवळं पडलं होतं, बी धरायच्या वांग्यासारखं. लाल शाई तपकिरी झाली होती, पण माझं अक्षर होतं ते, 'नियम' खाली दोन रेघा आणि तळाला 'जळवा चालतात'.

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"पूर्वी एक बाई होत्या इथे. फार कडक. इंग्रजी शिकलेल्या. सगळं पुस्तक पाठ होतं म्हणे त्यांना."

मी तिला सांगितलं की त्या बाईंनी पुस्तक उघडलंच नव्हतं, आणि त्या बाई म्हणजे मी. ती हसली, तिला वाटलं म्हातारी चेष्टा करतेय. काच उचल, ते कार्ड मला दे, असं म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा गंभीर झाला.

"नाही आजी. ऑफिसची वस्तू आहे. नियम आहे."

माझ्यामागे रांग होती. मी बाजूला झाले.

तर आत्ता काय काय शिल्लक आहे ते लिहिते. सुमनकडे दोन रोपांचा वंश आहे. माझ्या गॅलरीत चार कुंड्या आहेत, त्यातल्या एकीत एक वांगं पिवळं पडतंय. आणि जळगावच्या त्या काउंटरवर, काचेखाली, माझं कार्ड आहे.